कुटुंबाच्या आहारात रताळ्याचा वापर

रताळे हे महाराष्ट्रातील प्रत्येक घरास परिचित असलेले कंदपीक आहे. परंतु हा परिचय बहुधा उपवासापुरताच असतो. एकादशी, नवरात्र व महाशिवरात्र या दिवसांत बाजारात रताळ्यास मागणी येते आणि सण संपताच ती ओसरते. शेतात मात्र वेलाखालचे कंद एकाच वेळी तयार होतात. मग शेतकरी मिळेल त्या भावाने माल काढून टाकतो, उरलेली रताळी गुरांपुढे पडतात आणि त्याच घरातील मुले भात व पातळ आमटी यांवर जेवून उठतात. आपल्या शेतात पिकलेले अन्न आपल्याच ताटात न यावे, हे कोणत्याही शेतकरी कुटुंबास परवडणारे नाही. रताळ्याचे गुण व उणिवा नीट समजून घेतल्या आणि त्यानुसार ती शिजविली, तर हे नुकसान सहज टाळता येते.

रताळ्यात काय आहे व काय नाही

शंभर ग्रॅम ताज्या रताळ्यात सुमारे ६८ ग्रॅम पाणी व २८ ग्रॅम पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थ असतात. त्यापासून शरीरास सुमारे १२० उष्मांक मिळतात. शिवाय चोथा, काही खनिजे व 'क' जीवनसत्त्वही मिळते. कष्टाचे काम करणारास व वाढत्या मुलास शक्ती देणारे हे स्वस्त अन्न आहे.

परंतु रताळ्यात प्रथिने अत्यल्प, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये एक-सव्वा ग्रॅमच असतात. नुसती रताळी खाऊन पोट भरते, पण शरीराची वाढ होत नाही. म्हणून रताळ्याच्या जोडीला डाळ, शेंगदाणे, दूध, दही किंवा अंडी यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे. उपवासाच्या किसात दाण्याचे कूट घालण्याची जुनी चाल या दृष्टीने फार योग्य आहे. अर्धा किलो रताळ्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. त्यात शंभर ग्रॅम दाण्याचे कूट घातल्यास हे प्रमाण ३० ग्रॅमच्या वर जाते. ज्यांस मधुमेह आहे, त्यांनी रताळे हे भाजी न मानता धान्य मानावे व तेवढी भाकरी किंवा भात कमी करावा.

गराचा रंग पाहावा

रताळे घेताना आपण सालीचा रंग पाहतो. वस्तुतः पाहावयास पाहिजे तो गराचा रंग. पांढऱ्या गरात कॅरोटीन जवळजवळ नसते. नारिंगी गरात ते भरपूर असते व शरीरात त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार होते. या जीवनसत्त्वाचा अभाव झाल्यास मुलास तिन्हीसांजेनंतर नीट दिसत नाही, ते ठेचकाळू लागते, आणि वेळीच उपाय न केल्यास डोळे कायमचे जाण्याचा संभव असतो. रातांधळेपणा आता पूर्वीइतका आढळत नाही. तथापि आहारातील ही उणीव अद्याप नाहीशी झालेली नाही.

तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची स्थापना १९६३ साली झाली. या संस्थेने २०१७ मध्ये प्रसारित केलेल्या 'भू सोना' या नारिंगी गराच्या जातीत शंभर ग्रॅम रताळ्यामागे सुमारे १४ मिलिग्रॅम कॅरोटीन असते. अशा रताळ्याची एक मध्यम फोड लहान मुलाची दिवसाची गरज बव्हंशी भागवू शकते. मात्र कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून मुलाच्या रताळ्यावर अर्धा चमचा तूप किंवा तेल घालण्यास विसरू नये. आरोग्य खात्यातर्फे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांस 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात, तेही चुकवू नयेत. आहार हा त्या डोसास पूरक आहे, त्याऐवजी नव्हे.

कोणती रताळी वर्ज्य करावी

ज्या रताळ्यास सोंड्या भुंग्याने पोखरले आहे किंवा बुरशी लागली आहे, त्यात कडू व अपायकारक द्रव्ये तयार होतात. ती शिजविल्याने जात नाहीत. असे रताळे किडका भाग कापूनही खाऊ नये. अशी रताळी गुरांस घालण्याचीही चाल आहे. ती सोडून द्यावी, कारण बुरशी लागलेल्या रताळ्यांमुळे गुरांच्या फुप्फुसांस गंभीर विकार होतो. किडके कंद शेताच्या कडेस टाकू नयेत, खोल पुरावेत किंवा जाळावेत. म्हणजे पुढील पिकासही कीड लागणार नाही.

काढणीनंतर चांगले कंद धुऊ नयेत. ते सावलीत पसरून वेलांनी झाकून पाच-सात दिवस ठेवावेत. या अवधीत काढणीच्या वेळी झालेल्या जखमा भरून येतात, साल टणक होते व गोडीही वाढते. नंतर हवेशीर जागी कोरड्या वाळूच्या थरात ठेवावे. फ्रिजमध्ये कच्ची रताळी ठेवू नयेत. थंडीने गर कठीण होतो व शिजविल्यावरही मऊ पडत नाही.

मंद आचेचे महत्त्व

आरात भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा अधिक गोड लागते, याचा अनुभव सर्वांस आहे. त्याचे कारण असे की, रताळ्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे द्रव्य असते. ते साधारणतः ६० ते ७५ अंश सेल्सिअस उष्णतेत उत्तम काम करते व त्याहून अधिक उष्णतेत निकामी होते. मंद आचेवर रताळे सावकाश तापते, तेव्हा या द्रव्यास पुरेसा वेळ मिळतो. फोडी करून त्या उकळत्या पाण्यात टाकल्यास तो मिळत नाही. म्हणून शक्य तेथे रताळे सालीसह, अखंड व मंद आचेवर शिजवावे. गूळ-साखर कमी लागते आणि जीवनसत्त्वेही पाण्यात वाहून जात नाहीत. कच्चे रताळे खाण्याचा प्रघात टाळावा; ते पचण्यास जड असते.

रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात, ती या दृष्टीने आदर्श आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, रताळी इत्यादी भरतात, मडके उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. पाणी मुळीच न घालता सर्व जिन्नस आपल्याच वाफेवर शिजतात. वालातील प्रथिने आणि रताळ्यातील पिष्ट यांची जोडीही त्यात आपोआप जमते.

घरी करावयाचे काही पदार्थ

पुढील प्रमाणे चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी आहेत.

१. रताळ्याची चपाती : २०० ग्रॅम उकडलेले रताळे सोलून गाठी न राहतील असे कुस्करावे. त्यात ३०० ग्रॅम कणीक, मीठ व दोन चमचे तेल घालून प्रथम पाण्याशिवाय मळावे. रताळ्यातील ओलावा बहुधा पुरतो. पीठ कोरडे वाटल्यासच थोडे पाणी लावावे. या चपात्या दुपारपर्यंत मऊ राहतात व मुलांच्या शाळेच्या डब्यास सोयीच्या पडतात. सोबत उसळ किंवा घट्ट वरण असावे.

२. थालीपीठ : २५० ग्रॅम भाजणीत २०० ग्रॅम कुस्करलेले रताळे, चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, तीळ व मीठ घालून थालीपिठे लावावीत. भाजणीत डाळी असल्याने प्रथिनांची उणीव भरून निघते. दह्याबरोबर वाढावे.

३. कीस : अर्धा किलो रताळी फोडणी तयार होण्याच्या सुमारास सोलून किसावीत, किसून ठेवल्यास कीस काळा पडतो. दोन मोठे चमचे तुपात जिरे व मिरच्या घालून कीस परतावा, झाकण ठेवून वाफ आणावी व शेवटी शंभर ग्रॅम दाण्याचे कूट, मीठ, ओले खोबरे आणि लिंबाचा रस घालावा.

४. लहान मुलाचे अन्न : सहा महिने पूर्ण झालेल्या मुलास आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करताना नारिंगी रताळे उकडून, मऊ शिजविलेल्या मूगडाळीत कुस्करून, अर्धा चमचा तूप घालून द्यावे. प्रथम दोन-तीन चमचे द्यावे व मानवेल तसे वाढवावे. गूळ वा साखर घालू नये. रताळ्याची गोडी पुरेशी असते.

५. वर-खाली आच देऊन केलेला केक : कोकणात काकडीचे तवसळे ज्या रीतीने करतात, त्याच रीतीने हा पदार्थ होतो. २५० ग्रॅम गव्हाचा रवा तीन मोठे चमचे तुपावर मंद भाजावा. २०० ग्रॅम गूळ सुमारे ३०० मिलिलिटर कोमट दुधात किंवा पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. त्यात भाजलेला रवा, २५० ग्रॅम कुस्करलेले रताळे, अर्ध्या नारळाचा चव, मूठभर भाजलेले दाणे, वेलची व चिमूटभर मीठ घालून मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुगतो. जाड बुडाच्या पातेल्यास तूप लावून त्यात मिश्रण ओतावे. खाली मंद आच व झाकणावर निखारे ठेवून सुमारे पाऊण तास भाजावे. सुरी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला असे समजावे. गॅसवर करताना पातेले जाड तव्यावर ठेवून आच अगदी मंद राखावी; विजेची भट्टी असल्यास १८० अंश सेल्सिअस उष्णता ठेवावी. थंड झाल्यावर वड्या कापाव्यात.

रताळ्याचे पीठ

काढणीच्या हंगामात जे कंद खाऊन व विकून उरतील, त्यांचे पीठ करून ठेवावे. रताळी धुऊन, सोलून त्यांचे पातळ काप करावेत, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून काढावेत व जाळीवर सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी वाळवावेत. कडक उन्हात वाळविल्यास कॅरोटीन नष्ट होते. काप कट्कन मोडू लागले म्हणजे दळून हवाबंद डब्यात ठेवावेत. दहा किलो रताळ्यांपासून साधारणतः अडीच किलो पीठ मिळते. या पिठास गव्हाच्या पिठाप्रमाणे चिकटपणा नसतो. म्हणून तीन भाग कणकेत एक भाग याप्रमाणे ते मिसळावे. तीन-चार महिन्यांत ते संपविणे बरे.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावयाची गोष्ट

आफ्रिकेत मोझांबिक व युगांडा या देशांत नारिंगी गराच्या रताळ्याचा प्रसार करण्यात आला, तेव्हा शेतकऱ्यांस केवळ वेलांचे तुकडे वाटले गेले नाहीत. मुलांना काय व कसे खाऊ घालावे, हे मातांस शिकविण्यात आले. कुस्करलेले रताळे मैद्यात मिसळून केलेला 'सोनेरी पाव' बाजारात आणला गेला. परिणामी त्या कुटुंबांतील मुलांच्या व स्त्रियांच्या आहारात 'अ' जीवनसत्त्वाचे प्रमाण वाढले. या कार्याबद्दल मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो यांस २०१६ सालच्या जागतिक अन्न पुरस्कारात वाटा मिळाला. बेणे आणि पाककृती यांचा प्रसार बरोबरीने झाला पाहिजे, हा त्यापासून घ्यावयाचा धडा होय.

गावात सभा घेऊन सांगण्यापेक्षा एखाद्या अंगणात चूल मांडून चपाती, थालीपीठ व केक करून दाखवावेत आणि ते मुलांस खाऊ घालावेत. त्याच वेळी नारिंगी गराचे रताळे कापून दाखवावे आणि त्याचे बेणे मिळविण्याबाबत कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी. चांगली मशागत केल्यास एका गुंठ्यात दीडशे किलोच्या आसपास रताळी निघू शकतात. निम्मी लागवड पावसाळ्याच्या आरंभी व निम्मी पावसाळ्यानंतर केल्यास सर्व माल एकदम अंगावर येत नाही व घरास दोन हंगामांत ताजी रताळी मिळतात.

रताळे हे मूळचे अमेरिका खंडातील. एके काळी आपल्याकडे परके असलेले हे अन्न आज उपवासाच्या ताटातही मानाने बसले आहे. तेथून ते रोजच्या ताटात आणणे काही अवघड नाही. ज्या शेतकऱ्याने ते पिकविले, त्याच्या मुलांस त्यातील चांगला वाटा प्रथम मिळावा आणि मग उरलेला माल बाजारात जावा, एवढी दक्षता प्रत्येक घराने घ्यावी.