तापाचे औषध आणि घड्याळाचा काटा

घरातले धाकटे भावंड तापाने फणफणले आहे. दुपारी दोन वाजता आईने त्याला तापाचे पातळ औषध पाजले. चार वाजता आजीने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अंग अजून पोळतंय गं. आणखी एक चमचा पाजते." सहा वाजता बाबा कामावरून आले. औषध दिल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनीही बाटली उघडली. तिघांची माया सारखीच, पण चार तासांत मुलाच्या पोटात तीन मात्रा गेल्या.

औषध योग्य होते, तेही डॉक्टरांनीच लिहून दिलेले. चुकला तो वेळेचा हिशेब. हा हिशेब समजून घ्यायला वैद्यकाची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेली उष्णता, वजने-मापे आणि थोडे अंकगणित एवढे पुरे आहे.

ताप चढतो तो कसा?

विजेच्या इस्त्रीत तापमान ठरवणारी एक चकती असते. चकती ज्या खुणेवर ठेवावी तेवढी इस्त्री तापते आणि तेथेच राहते. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असेच काम करतो. रोगजंतू शरीरात शिरले की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ही 'चकती' वरच्या खुणेवर सरकते. मग ३७ अंश सेल्सिअस तापमानही शरीराला थंड वाटू लागते. म्हणूनच ताप चढताना मूल थंडीने कुडकुडते.

लहान मुलांच्या तापावर बहुधा पॅरासिटामॉल दिले जाते. बाटल्यांवर क्रोसिन, काल्पोल अशी नावे निरनिराळी असली, तरी आतले द्रव्य तेच. हार्मन मोर्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते १८७८ मध्ये तयार केले. पण त्याचे खरे महत्त्व ध्यानात आले ते १९४८ मध्ये, बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सलरॉड यांच्या संशोधनामुळे. हे औषध प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते आणि चकती पुन्हा खालच्या खुणेकडे येते. रोगजंतूंना मात्र ते मारत नाही. त्यामुळे औषधाचा अंमल सरला की ताप पुन्हा चढू शकतो. त्याचा अर्थ औषध निकामी ठरले असा नव्हे.

ताप लगेच का उतरत नाही?

चकती खाली आली, तरी शरीरात साठलेली उष्णता बाहेर जावी लागते. किती उष्णता? मुलाचे वजन १५ किलोग्रॅम आणि ताप २ अंश सेल्सिअसने उतरायचा आहे असे धरू. शरीराची विशिष्ट उष्णता पाण्याहून थोडी कमी, म्हणजे सुमारे ०.८३ असते. म्हणून

१५ × ०.८३ × २ = सुमारे २५ किलोकॅलरी.

ही सारी उष्णता केवळ घामावाटे जायची असेल, तर १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे ४३ ग्रॅम घाम वाळायला हवा. शिवाय शरीर त्या वेळात नवी उष्णता निर्माण करीतच असते. त्यात औषध आतड्यातून रक्तात उतरायलाही वेळ लागतो. औषधाचा परिणाम दिसू लागायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि ताप पुरेसा उतरायला त्याहूनही अधिक. एक तासानंतर थर्मामीटर तोच आकडा दाखवीत असेल, तर औषध 'लागू पडले नाही' असे ठरवणे घाईचे होईल. थर्मामीटर अंगाचे तापमान सांगतो. रक्तात औषध किती उरले आहे, हे तो सांगू शकत नाही. पुढची मात्रा केव्हा द्यायची हे मात्र त्यावरच ठरते.

चौसष्ट हरभरे

आता एक सोपा खेळ करा. हरभऱ्याचे ६४ दाणे ताटलीत ठेवा. ही झाली औषधाची एक मात्रा. किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही अभ्यासले असेल. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. रक्तातले पॅरासिटामॉलही असेच घटते. त्याचे अर्धायुष्य साधारण २ ते ३ तास असते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण २ तास धरू. प्रत्येक दोन तासांना ताटलीतले निम्मे दाणे काढायचे.

६४ चे ३२, मग १६, मग ८. सहा तासांनी ८ दाणे उरले. आता दुसरी मात्रा टाका, ७२ होतील. आणखी सहा तासांनी ९ उरतील. तिसऱ्या मात्रेनंतर ७३. म्हणजे सहा-सहा तासांचे अंतर ठेवले, तर दाणे कधीही फारसे साठत नाहीत.

आता आरंभीच्या घरातला हिशेब करा. दोन वाजता ६४. चार वाजता ३२ उरले, त्यात ६४ घातले, झाले ९६. सहा वाजता ४८ उरले, त्यात पुन्हा ६४, झाले ११२. असेच दर दोन तासांनी चालू ठेवले, तर आकडा १२८ च्या जवळ जाऊन थांबेल, म्हणजे एका मात्रेच्या दुप्पट.

हे गणित सोपे केलेले आहे. खऱ्या शरीरात एक धोका आणखी आहे. बहुतेक पॅरासिटामॉलचे यकृतात निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर होते आणि ते लघवीवाटे निघून जाते. पण त्याचा थोडा अंश एका विषारी पदार्थात बदलतो. यकृतातले ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्या विषाला तेथल्या तेथे निकामी करते. मात्रा फार झाल्या की नेहमीची वाट अपुरी पडते, अर्धायुष्य लांबते, विष अधिक बनते आणि ग्लुटाथायोनचा साठा आटत जातो. मग ते विष यकृताच्या पेशींवरच हल्ला करते. जे मूल दोन दिवस काही खात नाही, सारखे ओकते किंवा मुळातच कुपोषित आहे, त्याच्यात हा साठा आधीच कमी असू शकतो.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की, औषध जास्त झाले तरी पहिल्या दिवशी मूल बरे दिसू शकते. यकृताची हानी उघड व्हायला एक ते तीन दिवस लागतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून मात्रा जास्त गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता औषधाची बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

चमचा हे माप नव्हे

मात्रा ठरते ती मुलाच्या वजनावरून, आणि मोजायची ती मिलिग्रॅममध्ये. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा साधारणपणे दर किलोग्रॅम वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम असते. १२ किलोग्रॅमच्या मुलाला डॉक्टरांनी १८० मिलिग्रॅम सांगितले आहे असे समजा. आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा.

५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे लिहिले असेल, तर ७.२ मिलिलिटर द्यावे लागेल.
५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल, तर ३.६ मिलिलिटर.
तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतील, तर अवघे १.८ मिलिलिटर.

तिन्ही बाटल्यांवर एकच नाव असू शकते. पहिल्या बाटलीचे माप तिसऱ्या बाटलीला लावले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाईल. या गोंधळामुळेच २०११ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी तान्ह्या व मोठ्या मुलांच्या पातळ पॅरासिटामॉलची तीव्रता एकच ठेवण्याचे जाहीर केले. आपल्याकडे निरनिराळ्या तीव्रतेच्या बाटल्या मिळतात, तेव्हा प्रत्येक वेळी लेबल वाचण्याला पर्याय नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग जरूर करा. प्रत्येकाने घरून चहाचा एक चमचा आणावा. दहा चमचे पाणी मोजपात्रात ओतावे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावे. वर्गातल्या सर्वांची उत्तरे फळ्यावर लिहिली, की औषधाबरोबर मिळणारे खुणांचे झाकण किंवा सुई नसलेली पिचकारीच का वापरायची, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

वहीचे एक पान

मुलाच्या उशाशी वहीचे एक पान ठेवा. त्यावर रकाने आखा: तारीख, वेळ, औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, किती मिलिलिटर, कोणी दिले. बाटली उघडण्याआधी पान पाहायचे आणि औषध पाजल्याबरोबर लिहायचे, असा घराचा नियम करा. तोंडी निरोप विसरला जातो, लिहिलेला आकडा राहतो.

नियम थोडेच आहेत. डॉक्टरांनी सांगितलेले अंतर पाळा. ते बहुधा सहा तासांचे असते. चार तासांच्या आत दुसरी मात्रा कधीच नाही आणि २४ तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत. हे चोवीस तास मध्यरात्रीपासून मोजायचे नसतात, तर कोणत्याही मात्रेपासून मागे मोजायचे असतात. एखादी मात्रा चुकली, तर पुढची दुप्पट करू नका. मूल शांत झोपले असेल, तर केवळ तापाच्या औषधासाठी त्याला उठवायची गरज नसते, कारण मुलाला आराम पडावा हाच या औषधाचा हेतू आहे. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेले असते. तेव्हा त्यांचीही लेबले वाचा, नाहीतर एकच औषध दोन बाटल्यांतून जाईल.

मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मुलाला देऊ नका. ॲस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज देऊच नये. डग्लस राय यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या मेंदू व यकृताच्या घातक विकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल, तर ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन दोन्ही टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

काही वेळी घड्याळ पाहत घरी थांबायचे नसते. तीन महिन्यांहून लहान बाळाला ताप आला, मूल जागे होईनासे झाले, आकडी आली, धाप लागली, लघवी फार कमी झाली, पाणीही पोटात ठरेना किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

विद्यार्थिमित्रांनो, अनेक घरांत लेबलावरची बारीक अक्षरे वाचणारे आणि मिलिग्रॅमचे मिलिलिटर करू शकणारे तुम्हीच असता. पुढच्या वेळी घरात कोणी आजारी पडले, तर वहीचे ते पान आखायचे काम तुम्ही अंगावर घ्या. त्याला पाच मिनिटे लागतात.