जुन्या गाडीला दुसरे इंजिन : कार्बोरेटर घ्यावा की फ्युएल इंजेक्शन?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदा मीटरचा भाव विचारते. अस्तर, बटणे आणि शिलाई धरून शर्ट अंगावर कितीला पडला, हा हिशेब मात्र तो शिवून आल्यावरच होतो. जुन्या मोटारीला दुसरे इंजिन बसवताना मी नेमकी हीच चूक केली. तीस वर्षे धंदा करणाऱ्या घरातला माणूस असून केली, म्हणून ती इथे लिहितो. आपल्या समाजात मोटार मिस्त्री, स्पेअरवाले आणि भंगारवाले पुष्कळ आहेत. घरी वडिलांची गाडी जपून ठेवणारे व्यापारीही कमी नाहीत. दोघांच्याही कामाची ही गोष्ट आहे.

आमच्या अब्बांनी १९७४ साली १९६७ ची एक अ‍ॅम्बेसेडर मार्क-२ जुनी म्हणून विकत घेतली. मालेगावहून कापडाचे ठाण घेऊन कसारा घाट उतरून मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटपर्यंत तिने वर्षानुवर्षे फेऱ्या मारल्या. तिचे मूळचे १४८९ सी.सी.चे इंजिन ब्रिटिश बी.एम.सी. कंपनीच्या नमुन्याचे होते. त्याला तीनदा बोअर करून झाले होते. २०१० साली ब्लॉकला तडा गेला आणि उस्तादांनी सांगितले, "सेठ, आता यात पैसे घालू नका, दुसरे इंजिन बघा."

इंजिन कुठले, हा प्रश्न अवघड नव्हता. हिंदुस्थान मोटर्सने नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बेसेडरलाच इसुझूचे १८१७ सी.सी.चे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला होता. त्याआधी तेच इंजिन कॉन्टेसाला लागत होते. कंपनी तीच असल्याने ते या गाडीत फार तोडफोड न करता बसते. अडचण दुसरीच होती. हे इंजिन दोन तऱ्हेचे मिळते. आधीचे कार्बोरेटरचे, आणि पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर आलेले एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनचे. यातले घ्यायचे कोणते?

दोघांत फरक काय?

कार्बोरेटरचे काम सरळ आहे. इंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. किती पेट्रोल जायचे ते जेटचे भोक ठरवते. त्याला थंडी-उन्हाळा कळत नाही, घाट कळत नाही आणि पेट्रोल बदललेले तर मुळीच कळत नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ होते, पण जेट तेवढेच राहते. म्हणून गाडी तिथे जास्त पेट्रोल पिते आणि काळा धूर टाकते.

इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा पंप सुमारे तीन बारच्या दाबाने पेट्रोल पाठवतो. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब साधारण पाव बार असतो. प्रत्येक सिलेंडरजवळचा इंजेक्टर मिलिसेकंदांच्या हिशेबाने उघडतो आणि बंद होतो. किती वेळ उघडायचे ते ईसीएम नावाची पेटी ठरवते. हवेचा दाब, पाण्याचे तापमान, थ्रॉटल किती दाबला आणि सायलेन्सरमधल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, या सगळ्यांची खबर तिला सेन्सर देत असतात. म्हणून गाडी थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होते, पिकअप बरा मिळतो आणि पेट्रोल वाया जात नाही.

एवढे ऐकले की कोणीही म्हणेल, मग इंजेक्शनच घ्या. मीही तेच म्हटले.

माझा स्वस्त सौदा

एका भंगारवाल्याकडे एमपीएफआय इंजिन मिळाले. त्याने अठरा हजार सांगितले. कार्बोरेटरचे इंजिन गिअरबॉक्ससकट सव्वीस हजारांना मिळत होते. आठ हजार वाचले, या खुशीत मी पैसे मोजून आलो. उस्तादांना विचारलेही नाही.

इंजिन वर्कशॉपमध्ये उतरले तेव्हा उस्तादांनी पहिला सवाल केला, "वायरिंग कुठे आहे?" वायरिंग बगिच्यातल्या वेलीसारखी छाटलेली होती. ईसीएम नव्हता, पेट्रोल पंप नव्हता, दोन सेन्सर तुटलेले होते. भंगारवाल्याकडे परत गेलो. त्याने साफ सांगितले, "सेठ, तुम्ही इंजिन मागितले, इंजिन दिले." त्याचे बरोबरच होते. मी कापड घेतले होते, शर्ट नव्हे.

एक-एक वस्तू शोधायला सुरुवात केली. मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार चकरा झाल्या. ईसीएम मिळाला तर त्याचा कनेक्टर जुळेना, कनेक्टर जुळला तर सेन्सर दुसरा निघे. गाडी आठ महिने शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. शेवटी ते इंजिन अकरा हजारांना विकले आणि कॉन्टेसामधून निघालेले कार्बोरेटरचे इंजिन गिअरबॉक्ससह घेतले. तोवर त्याचा भावही एकतीस हजार झाला होता. वाचवायला गेलो आठ आणि घालवले सात, त्यावर पाच जास्त मोजले. चकरांचे भाडे वेगळे.

इंजेक्शन घ्यायचे तर संपूर्ण घ्या

माझ्यानंतर तीन वर्षांनी पुतण्याने त्याच्या अ‍ॅम्बेसेडरला इंजेक्शनच बसवले आणि ते नीट चालले. त्याने इंजिन घेतले नाही, लिलावातली आख्खी गाडी घेतली. तिच्यातून इंजिन, ईसीएम, संपूर्ण वायरिंग, सेन्सर, एअर फिल्टरचा डबा, पेट्रोल पंप आणि पाईप हे सगळे एकाच गाडीचे, एकमेकांच्या ओळखीचे निघाले. प्रत्येक कनेक्टरला काढण्याआधी त्याने कापडाच्या चिंध्यांवर नंबर लिहून बांधले. उरलेला सांगाडा विकून काही पैसे परतही आले.

तरीही त्याला जुन्या गाडीत चार कामे करावी लागली. ती प्रत्येकाला करावीच लागतात.

पहिले काम टाकीचे. जुन्या टाकीतला गंज कार्बोरेटर कसाबसा पचवतो. इंजेक्टरचे भोक त्याने बुजते. टाकी उतरवून आतून साफ केलीच पाहिजे. शिवाय जुन्या टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो. त्यासाठी मध्ये एक छोटी जादा टाकी बसवतात.

दुसरे, पाईप. तीन बारच्या दाबाला साधा रबरी पाईप चालत नाही. तो सुटला तर तापलेल्या इंजिनवर पेट्रोलचा फवारा उडेल. इंजेक्शनचाच पाईप आणि त्याचेच क्लॅम्प वापरावेत. शिल्लक पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी लाईन टाकावी. इंजिन बंद पडले की पंपही बंद झाला पाहिजे, म्हणून रिलेची जोडणी नीट करावी. इथे कंजुषी म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरे, वीज. जुना डायनामो इंजिन सावकाश चालताना पुरेशी वीज देत नाही. पंप, इंजेक्टर आणि ईसीएमला चांगला अल्टरनेटर लागतो. अर्थिंगच्या जागा घासून पक्क्या कराव्यात. इंजेक्शनच्या गाडीचे निम्मे आजार कच्च्या अर्थिंगमुळे होतात, असे आमचे उस्ताद सांगतात.

चौथे, वायरिंगची राखण. पुतण्याची गाडी एकदा चांदवडजवळ अचानक बंद पडली. टोचन लावून आणली. सगळे तपासून झाल्यावर कळले की एका सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. दुरुस्ती दहा मिनिटांची, शोध दोन दिवसांचा.

कार्बोरेटरचे सुख आणि दुःख

माझी गाडी कार्बोरेटरवर आली तेव्हापासून रस्त्यात अडकली तरी पाना आणि पेचकस घेऊन कोणत्याही गावात चालू झाली. जेट फुंकले, फ्लोटची सुई साफ केली, निघालो. मे महिन्यात कसारा घाट चढताना पेट्रोलची लाईन तापून वाफ धरायची, तेव्हा पंपावर ओले फडके टाकायचे, अब्बाही तेच करत असत. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असल्याने ही अडचण सहसा येत नाही.

पण अलीकडे कार्बोरेटरवाल्यांपुढे एक नवे संकट आहे. २०२५ पासून देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. म्हणजे तेवढ्याच हवेला हे पेट्रोल जास्त लागते. इंजेक्शनचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून काही मर्यादेपर्यंत स्वतः दुरुस्त करतो. कार्बोरेटरचे जेट मात्र जुन्या मापानेच देत राहते, आणि गाडी उपाशी चालते. माझी गाडी सकाळी खोकू लागली, चढावर दम तोडू लागली, जास्त तापू लागली. उस्तादांनी जेट एक नंबर मोठे बसवले तेव्हा ती शांत झाली.

इथेनॉल जुने रबरही खाते आणि हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंज आणि पांढरी भुकटी धरते. म्हणून पंपाचा पडदा, पाईप आणि वॉशर इथेनॉल सोसणारे घालावेत. गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल संपवून ठेवावे. टाकी आणि पाईपची ही काळजी इंजेक्शनवाल्यांनाही चुकलेली नाही.

कागद आधी, पाना नंतर

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार चालणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आर.टी.ओ.मध्ये लेखी विचारणा करावी. परवानगी मिळाली तरच पुढे जावे, नवा इंजिन नंबर आर.सी.वर चढवावा आणि विमा कंपनीलाही कळवावे. नंबर जुळला नाही तर अपघाताच्या दिवशी विम्याचा कागद रद्दी ठरू शकतो.

भंगारातून इंजिन घेताना पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदाची नक्कल घ्या. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर घेणाराही गुन्ह्यात अडकतो. भंगाराचा धंदा करणाऱ्या भावांनीही प्रत्येक इंजिनाचा नंबर वहीत लिहून ठेवावा. ती वही हीच त्यांची इज्जत आणि तोच त्यांचा बचाव.

आणि माझे खरे नुकसान आता सांगतो. सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अब्बांची गाडी तेव्हा चौपन्न वर्षांची होती. अर्ज घेऊन बसलो आणि त्या ओळीवर थांबलो. तडा गेलेले मूळ इंजिन मी २०१० साली किलोच्या भावाने विकून टाकले होते. लोखंडातला तडा सांधणारे कसबी कारीगर असतात. आज ते इंजिन शेडच्या कोपऱ्यात असते तर ते दुरुस्त करून गाडी पुन्हा मूळ रूपात आणायचा विचार तरी करता आला असता. अब्बांनी ज्या इंजिनाचा आवाज ऐकून गाडी घेतली, त्याचे मला किती मिळाले तो आकडाही आता आठवत नाही.

मग घ्यावे काय?

गाडी पन्नास वर्षांची झाली असेल किंवा होत आली असेल, तर इंजिन बदलू नका. मूळ इंजिनच दुरुस्त करा. बदलावेच लागले तर जुने इंजिन तेल लावून, गुंडाळून जपून ठेवा.

गाडी महिन्यातून दोन-चारदा, लग्नकार्याला किंवा हौसेला निघणारी असेल आणि जवळ जाणता मिस्त्री असेल, तर कार्बोरेटर बरा. खर्च कमी आणि डोकेदुखी ओळखीची.

गाडी रोज धंद्यावर पळणार असेल, तर इंजेक्शनचा फायदा दिसतो. पण आख्खी गाडी हाती आली तरच. सुटे इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

कारीगर भावांना एक विनंती. एप्रिल २०२० पासून नव्या मोटारसायकलीही जवळजवळ सगळ्या इंजेक्शनवर आल्या. त्यामुळे कार्बोरेटर जाणणारे हात कमी होत आहेत आणि जुन्या गाडीत इंजेक्शन नीट जोडणारे तर अजून थोडेच आहेत. दोन्हीला गिऱ्हाईक आहे. आमच्या उस्तादांचे वय आता सत्तरीकडे गेले आहे. ते कानाने कार्बोरेटर लावतात, आणि त्यांचा नातू मीटर घेऊन वायर शोधतो. आजोबा आणि नातू एकाच शेडमध्ये बसतात, म्हणून त्या शेडमध्ये काम कधी कमी पडत नाही. ज्यांच्या घरी असा उस्ताद आहे त्यांनी त्याचे कसब वेळेवर शिकून घ्यावे. कोणत्या गाडीला कोणते जेट लागले, हे वहीत उतरवून ठेवावे. आमच्या उस्तादांची अशी वही नाही. सगळे त्यांच्या डोक्यात आहे, आणि आता त्यांचा नातू रोज संध्याकाळी त्यांना विचारून एक-एक गाडी लिहून काढतो आहे.