शेतजमिनीचा भूखंड होताना : खर्चाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील कोणत्याही वाढत्या शहराच्या वेशीबाहेर, जिथे काल-परवापर्यंत ज्वारी-हरभऱ्याची पिके उभी राहत असत, तिथे फक्कीने आखलेल्या रेषा आणि रोवलेले सिमेंटचे हद्दीचे खांब पाहून अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की, जमीन घेतली, ती बिनशेती करून घेतली आणि रस्ते आखले की भूखंड तयार झाला. ही समजूत वाटसरूपुरतीच राहिली असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु भावाभावांच्या वाटणीत आलेले एक-दोन एकर रान स्वतःच विकसित करावे असे ठरवणारी शेतकरी कुटुंबे आणि घरांसाठी एकत्र येऊन जागा घेणारे नोकरदार हे आपली आयुष्यभराची पुंजी नेमक्या याच समजुतीच्या भरवशावर गुंतवतात, आणि काम निम्म्यावर आले असता त्यांच्या गाठीचा पैसा संपतो. माझे असे स्पष्ट मत आहे की, अशी अंदाजपत्रके मजुरीचे वा खडीचे दर चुकल्यामुळे क्वचितच कोसळतात. ती कोसळतात क्षेत्र चुकल्यामुळे आणि जमीन न तपासता हिशेब मांडल्यामुळे.

क्षेत्राचा गैरसमज सर्वांत व्यापक आहे, म्हणून आधी तोच पाहू. एकर म्हणजे ४० गुंठे, आणि विकत घेतलेले ४० गुंठे म्हणजे घरांसाठी ४० गुंठे, असे बहुतेकांच्या मनात पक्के बसलेले असते. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर जागा असते. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात १० टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून सोडावे लागते, म्हणजे येथे सुमारे ४०५ चौरस मीटर गेले. अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते : १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० मीटरपर्यंत १२ मीटर, त्यापुढे १५ मीटर. आपल्या एकरात ९ मीटर रुंदीचा केवळ ९० मीटर लांब रस्ता धरला तरी आणखी ८१० चौरस मीटर गेले. शिल्लक राहिले ते २,८३२ चौरस मीटर, म्हणजे २८ गुंठे. आता जमिनीची किंमत, मुद्रांक शुल्क, मोजणी, मंजुरी, रस्ते, गटारे, वीज आणि पाणी हा सारा खर्च ४० गुंठ्यांवर नव्हे, तर या २८ गुंठ्यांवर बसतो; त्यामुळे एकूण खर्चाला ४० ने भागून आलेला दर प्रत्यक्षात सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो. जागा लांबट असेल, तिच्या मधून विकास आराखड्यातील रस्ता जात असेल किंवा कडेने ओढा वाहत असेल, तर शिल्लक क्षेत्र याहूनही घटते. कंत्राटदाराचा एकरी दर आणि ग्राहकाला सांगायचा गुंठ्याचा दर यांच्यामध्ये हे भागाकाराचे गणित उभे असते, आणि ते कोणी मांडूनच पाहत नाही.

त्यातही सातबाऱ्यावर लिहिलेले क्षेत्र हेच जागेवरचे क्षेत्र, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राबरोबर पोटखराबाही नोंदलेला असतो, आणि त्याचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ हा खडकाळ किंवा खळ्या-गोठ्याखालचा, म्हणजे खातेदाराच्या स्वतःच्या वापरातला. परंतु वर्ग ‘ब’ हा रस्ता, पायवाट, इतरांच्याही उपयोगाचा ओढा, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कारणांसाठी आकारणीतून वगळलेला भाग असतो, आणि त्यावर भूखंड पाडता येत नाहीत. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी होऊन ‘क’ प्रत हाती येईपर्यंत शेजाऱ्याचा बांध किती सरकला आहे, वहिवाट कुठवर आहे, याचा निर्णय होत नाही, आणि रेखांकनाच्या मंजुरीला आधार धरला जातो तो याच मोजणीचा. खरेदीखतापूर्वी मोजणीचे शुल्क भरणे हे साऱ्या खर्चांत सर्वांत फलदायी, आणि तरीही लोक तेच वाचवू पाहतात.

सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग २’ हा शेरा वाचून कोणी घाबरून व्यवहार सोडतो, तर कोणी ‘थोडा नजराणा भरला की झाले’ म्हणून निश्चिंत होतो. दोघेही अर्धवट माहितीवर चालतात. कुळ म्हणून मिळालेल्या जमिनीच्या बाबतीत, मालकीचे प्रमाणपत्र मिळून १० वर्षे लोटली असतील, तर शासनाकडे भरावयाची रक्कम आकाराच्या ४० पट, म्हणजे बहुधा नगण्य असते. उलट काही वतनी जमिनी अकृषिक वापराकडे वळवताना बाजारमूल्याच्या ५० टक्के इतका नजराणा भरावा लागतो. एकाच शेऱ्याखाली इतके अंतर सामावलेले असते, म्हणून जुने फेरफार उतरवून घेऊन जमीन वर्ग २ का झाली हे शोधल्यावाचून अंदाजपत्रकाचा आकडाच लिहिता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, बहिणींचे वारसाहक्क, विहिरीतील हिस्सा या नोंदीही त्याच वेळी वाचाव्यात.

यानंतर बिनशेतीचा विषय. ‘एनए झाले की जागा घर बांधायला तयार’ हे वाक्य जाहिरातींमधून इतक्या वेळा कानी पडते की, ते कायद्यातच लिहिलेले असावे असे वाटू लागते. वस्तुतः अकृषिक वापर हा महसुली दर्जा आहे. त्याने जमिनीला पाणी येत नाही, सांडपाणी वाहून जात नाही आणि रस्ताही होत नाही. जमीन महसूल संहितेत गेल्या काही वर्षांत झालेल्या दुरुस्त्यांनी ही परवानगी बरीच सुलभ केली आहे, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींना तर विशेष सवलत दिली आहे; परंतु त्यामुळे रेखांकनाची मंजुरी व विकास शुल्क टळत नाहीत. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत, निवासी वापरासाठी जमिनीच्या विकासावर वार्षिक मूल्यदर तक्त्यातील दराच्या अर्धा टक्का आणि पुढे बांधकामावर २ टक्के विकास शुल्क असते. कागदोपत्री खर्च टाळता येत नाही हे खरे. पण सामान्य वर्ग १ च्या जमिनीत एकूण खर्चाचा मोठा वाटा कागदात नसून मातीत असतो.

मातीत म्हणजे काय, ते प्रत्यक्ष खड्ड्यातच पाहावे. दख्खनच्या पठारावर रस्त्याच्या नियोजित रेषेत पुरुषभर खोल चाचणीचा खड्डा घेतला, तर वरचा थर काळ्या मातीचा, उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडलेला आणि पावसाळ्यात फुगणारा. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली चिकण. मग पिवळसर मुरूम, वरचा कुदळीला सुटणारा, खालचा पहारीने फोडावा लागणारा. आणि त्याखाली खडक. कुठे काळी माती हातभरही नसते, तर त्याच गटाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्या बाजूस, ती दोन पुरुष खोल असते. फुगणाऱ्या या मातीवर थेट खडी अंथरलेला रस्ता दोन पावसाळ्यांत खचतो. म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो. वर सांगितलेल्या ९० मीटर रस्त्यावर ६ मीटर रुंदीत ०.६ मीटर माती बदलायची म्हटली, तर ३२४ घनमीटर, म्हणजे सुमारे ११४ ब्रास मुरूम केवळ दबलेल्या स्थितीत लागतो. गटाराची चारी त्याच खड्ड्याच्या तळाशी कठीण खडकाला भिडली, तर खोदाईचा दर कित्येक पटींनी बदलतो. हे सारे चार-सहा खड्डे आणि मातीची साधी प्रयोगशाळेतील तपासणी यांनी आधीच कळते. शेजारच्या रानात अमुक खर्च आला म्हणून आपल्यालाही तोच येईल, ही समजूत दख्खनच्या मातीत टिकत नाही.

‘एकदा जमीन सपाट करून घेतली की निम्मे काम झाले’ हा गैरसमज मला सर्वांत हानिकारक वाटतो, कारण त्याच्या पायी लोक पैसे घालून स्वतःचेच नुकसान करून घेतात. पावसाचे पाणी आणि सांडपाणी उतारानेच वाहते. निसर्गाने दिलेला उतार यंत्राने मोडून टाकला की तोच पुन्हा गटाराच्या खोलीतून विकत घ्यावा लागतो. एक एकर क्षेत्र एक फुटाने उंच करायचे तर ४३,५६० घनफूट, म्हणजे ४३५ ब्रासांहून अधिक भराव लागतो. दाबल्यावर तो बसतो म्हणून एक चतुर्थांश अधिक धरला तर सुमारे ५४५ ब्रास. मुरमाचे स्वामित्वधन २०२१ पासून ब्रासमागे ६०० रुपये असल्याने, हा मुरूम बाहेरून आणल्यास केवळ या एका बाबीचे सव्वातीन लाखांहून अधिक रुपये होतात. मुरमाची किंमत, वाहतूक, पाणी मारणे आणि रोलर हे त्याखेरीज. परवान्याशिवाय आलेला मुरूम स्वस्त वाटतो, पण त्यावर बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो, आणि गाडीवाला पावती देत नसेल तर अंदाजपत्रकात त्या स्वस्ताईला स्थान देऊ नये. आधी समपातळी रेषांचा नकाशा करून, उंच भागातील खोदाई त्याच जागेतील सखल भागात जिरेल असे रस्ते आखले, तर बाहेरून आणावयाचा भराव पुष्कळ कमी होतो. शिवाय पायासाठी खोदलेली माती त्याच जागेत वापरली जाते की व्यापारासाठी बाहेर जाते, यावर स्वामित्वधनाचा प्रश्न अवलंबून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. काढलेली काळी मातीही टाकाऊ नसते. हलक्या रानाचे शेतकरी ती आनंदाने नेतात, आणि तिची विल्हेवाट अशा रीतीने लावल्यास वाहतुकीचा खर्च वाचतो.

रस्ता जागेच्या आत असतो तसा जागेपर्यंतही असावा लागतो. ‘बैलगाडीची वाट पिढ्यान्‌पिढ्या आहे, तहसीलदारांकडे अर्ज केला की रस्ता मिळतो’ असे सांगणारे लोक जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाकडे बोट दाखवतात. परंतु ते कलम बांधावरून शेतात जाण्याच्या हक्काचे, शेतकऱ्याच्या वाजवी गरजेपुरते आहे. वाजिब-उल-अर्जात वा गावनकाशात नोंदलेली पाऊलवाट ही निवासी रेखांकनाला लागणाऱ्या रुंदीचा पोचरस्ता ठरत नाही. नकाशावरचा रस्ता किती मीटरचा आहे हे पाहून, कमी पडत असेल तर शेजाऱ्याकडून नोंदणीकृत दस्तऐवजाने जागा घेण्याची रक्कम सुरुवातीलाच धरावी. आपला व्यवहार पक्का झाल्याचे शेजाऱ्याला कळल्यावर त्या पट्ट्याची किंमत वाढलेली असते.

विजेच्या बाबतीत ‘खांब समोरच आहे’ हे पुरेसे मानले जाते. त्या खांबावरील रोहित्रावर नव्या वसाहतीचा भार पेलण्याइतकी क्षमता आहे का, हा खरा प्रश्न असतो. बहुधा स्वतंत्र रोहित्र बसवावे लागते, आणि ते काम महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क भरून मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून स्वखर्चाने करून घेण्याची सोय आहे. जागेवरून जाणारी उच्चदाब वाहिनी हलवायची असेल तर तोही खर्च मागणाऱ्यावरच येतो. पाण्याविषयी एवढेच सांगतो की, बेसाल्ट खडकात पाणी राहते ते त्याच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या आणि सच्छिद्र थरांत. म्हणून ऑगस्टमध्ये धो-धो वाहणारी कूपनलिका मे महिन्यात गुळण्या टाकू लागते. उपशाची चाचणी उन्हाळ्यात घ्यावी, आणि तिच्यावर विसंबूनच टाकीचे आकारमान ठरवावे.

‘विकसित भूखंडाच्या विक्रीवर जीएसटी नाही’ हे विधान खरे आहे; ३ ऑगस्ट २०२२ च्या १७७ क्रमांकाच्या परिपत्रकाने सपाटीकरण, जलनिस्सारण इत्यादी कामे केलेल्या जमिनीची विक्रीही करमुक्त असल्याचे स्पष्ट झाले. परंतु यातून ‘आपल्याला कर नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. रस्ते, गटारे, विद्युतीकरण यांच्या कंत्राटांवर साधारणतः १८ टक्के कर लागतो, आणि विक्री करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. तो सगळाच्या सगळा खर्चात मिळतो. कंत्राटदाराचा आकडा करासह आहे की करावाचून, हे लेखी विचारून घ्यावे.

राहिला विक्रीतून येणाऱ्या पैशाचा भरवसा. पहिल्या काही भूखंडांच्या विसारातून रस्ते करू, असा बेत अनेकजण आखतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये ५०० चौरस मीटरांहून अधिक जागेवर भूखंड पाडून विकायचे असतील तर नोंदणीपूर्वी जाहिरात वा विक्री करता येत नाही, आणि नोंदणीनंतर खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवून, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानुसार झालेल्या कामाच्या प्रमाणातच काढावा लागतो. म्हणजे आरंभीचे भांडवल स्वतःचे वा कर्जाऊच लागते, आणि कर्जाला ऋतूची दयामाया नसते. वार्षिक १२ टक्के दराने १ कोटी रुपये उचलले तर महिन्याला १ लाख रुपये व्याज चढते. मोजणी उभ्या पिकामुळे लांबली, मंजुरी वैशाखात आली आणि मृग लागला, की मातीकाम दिवाळीपर्यंत हलत नाही, आणि त्या पाच-सहा महिन्यांचे पाच-सहा लाख रुपये कोणत्याही कंत्राटदाराच्या बिलात न दिसता निघून जातात. म्हणून अंदाजपत्रकाच्या समासात प्रत्येक कामापुढे रकमेइतक्याच ठळकपणे महिना लिहावा : मोजणी पीक निघाल्यावर, चाचणी-खड्डे त्याच सुमारास, खोदाई व भराव फाल्गुनाच्या आत, खडीकरण पावसाआधी, आणि डांबरीकरण मात्र एक पावसाळा भराव बसू दिल्यानंतर, पुढच्या हिवाळ्यात.