ब्रायटन: ऊन पडलं की निघा!
लंडनमध्ये लख्ख ऊन पडलं की मित्रांना गोळा करून ब्रायटन गाठावं. व्हिक्टोरियाहून ट्रेननं साधारण तासाभराचा प्रवास. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटेच गोटे, तेव्हा जाड तळव्यांच्या चपला हव्यात. १८९९चा पॅलेस पिअर गजबजलेला. मला मात्र २००३मध्ये जळालेल्या वेस्ट पिअरचा सांगाडाच जास्त आवडतो. फिश अँड चिप्स खाताना सीगलवर नजर ठेवा, भारी चोरटे! घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन चुकवू नका. चौथ्या जॉर्जच्या या हौशी महालात पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होतं. तिथं वारलेल्या हिंदू-शीख जवानांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी १९२१पासून ‘छत्री’ स्मारक आहे. चढण बरीच आहे, पण जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, वेळ पुरतो.