कामगारांच्या घरात सुटीचा मुक्काम

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइट याने १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. कामगारांसाठी त्याने नॉर्थ स्ट्रीटवर सामाईक भिंतींची तीन मजली दगडी घरे बांधली. बायका-मुले गिरणीत राबत. पुरुष वरच्या मजल्यावर, लांबलचक खिडकीच्या उजेडात हातमाग चालवीत. यांतील सहा घरे पुढे लँडमार्क ट्रस्टच्या ताब्यात आली. १९६५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जुन्या वास्तू दुरुस्त करून सुटीसाठी भाड्याने देते. नॉर्थ स्ट्रीटवरील एका घरात आज पर्यटक राहू शकतात. दूरचित्रवाणी संच तेथे मिळणार नाही. मात्र पाहुण्यांनी दिलेल्या भाड्यातूनच अशा वास्तूंची देखभाल होते. वास्तू वापरात राहिली, तरच ती टिकते, हेच या मुक्कामामागील साधे गणित आहे.