पाटलिपुत्र ते पाटणा : एका नगराची नावे आणि काही गैरसमज

बिहारची राजधानी पाटणा हे भारतातल्या अत्यंत जुन्या आणि अजूनही नांदत्या नगरांपैकी एक. पाटलिग्राम, पाटलिपुत्र, कुसुमपूर, अझीमाबाद, पाटणा ही त्याची नावे पुस्तकांतून सहसा एका ओळीत, कालक्रमाने छापलेली असतात. त्यामुळे एक नाव गेले आणि मग दुसरे आले, असे वाचणाऱ्याला वाटते. वास्तविक यांतली बरीच नावे एकाच काळात लोकांच्या तोंडी होती. या नगरासंबंधीचे बहुतेक गैरसमज त्या ओळीतूनच निघाले आहेत.

त्यांतला सर्वांत रुजलेला समज म्हणजे पाटलिपुत्र चंद्रगुप्त मौर्याने वसवले. चंद्रगुप्त इ.स.पू. ३२१च्या सुमारास गादीवर आला. नगराची कथा त्याच्या काही पिढ्या आधी सुरू होते. पाली भाषेतल्या महापरिनिब्बान सुत्तानुसार गौतम बुद्ध अखेरच्या प्रवासात गंगाकाठच्या पाटलिग्रामी थांबले, तेव्हा मगधाचा राजा अजातशत्रू याचे सुनीध आणि वस्सकार हे दोन अमात्य तिथे तटबंदी उभारत होते. पलीकडच्या तीरावरच्या वज्जींना थोपवणे हा तिचा हेतू. हे गाव मोठे नगर होईल, पण त्याला आग, पाणी आणि आपसातली फूट या तिन्हींपासून भय राहील, असे बुद्धांनी सांगितल्याचे त्याच सुत्तात आहे. म्हणजे किल्ला बांधला गेला तेव्हाही गाव होतेच. ते कोणी वसवले याची नोंद कुठेच नाही. अजातशत्रूने राजधानी मात्र राजगृहातच ठेवली. ती गंगाकाठी आणली त्याचा मुलगा उदायी याने, असे जैन परंपरा सांगते. वायुपुराणही गंगेच्या दक्षिण तीरावर कुसुमपूर वसवण्याचे श्रेय उदायीलाच देते. चंद्रगुप्ताच्या हाती आली ती आधीच नावारूपाला आलेली राजधानी.

नावाच्या उगमाबद्दल कथासरित्सागरात एक सुरस गोष्ट आहे. पुत्रक नावाचा तरुण राजकन्या पाटलीला घेऊन आकाशमार्गे गंगाकाठी येतो, जादूच्या काठीने जमिनीवर नगर रेखाटतो आणि ते खरोखर उभे राहते. दोघांच्या नावांवरून पाटलिपुत्र. ही गोष्ट नावावरून रचलेली आहे. पाटली म्हणजे पाडळीचे झाड, आणि पाटलिग्राम म्हणजे पाडळींचे गाव, हा अर्थ अधिक सरळ आहे.

कुसुमपूर हे वेगळे शहर होते, असेही अनेकांना वाटते. आर्यभटाने आपल्या ग्रंथात कुसुमपुराचा उल्लेख केला आहे, त्यामुळे या नावाची चर्चा बरीच होते. त्याचा भाष्यकार पहिला भास्कर याने इ.स. ६२९ मध्ये कुसुमपूर म्हणजे पाटलिपुत्र असे स्पष्ट लिहून ठेवले. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातही एकाच नगरासाठी ही दोन्ही नावे येतात.

ग्रीक वकील मेगॅस्थेनीसने वर्णिलेली ‘पालिबोथ्रा’ नेमकी कुठली, हा वाद मात्र खराखुरा होता आणि तो सुटला कसा हे पाहण्यासारखे आहे. मेगॅस्थेनीसच्या मते हे नगर ८० स्टेडिया लांब आणि १५ स्टेडिया रुंद होते, म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटर बाय पावणेतीन किलोमीटर. भोवती लाकडी तट, त्याला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे, बाहेर रुंद खंदक. नगर गंगा आणि ‘एरानोबोआस’ नदीच्या संगमावर होते. पाटण्याजवळ असा संगम दिसत नसल्याने फ्रेंच भूगोलकार दांव्हिल याने पालिबोथ्रा म्हणजे अलाहाबाद ठरवले. पुढे जेम्स रेनेल याला शोण नदीचे जुने पात्र पाटण्याकडे आढळले. शोणेचे एक संस्कृत नाव हिरण्यबाहू, तेच ग्रीकांच्या तोंडी एरानोबोआस झाले, हे विल्यम जोन्सने १७९३ मध्ये मांडले. शोण आज पाटण्याच्या बरीच पश्चिमेला गंगेला मिळते. नदी सरकली, नगर जागेवरच राहिले. तरीही १८१५ मध्ये विल्यम फ्रँकलिन पालिबोथ्रा भागलपुरात शोधत होता. शेवटी उत्तर मिळाले ते जमिनीतून. पाटण्याच्या बुलंदीबागेत सालाच्या ओंडक्यांच्या दोन समांतर रांगा निघाल्या : मेगॅस्थेनीसचा लाकडी तट. जवळच कुम्हरारला १९१२-१३ मध्ये रतन टाटांच्या देणगीतून डी. बी. स्पूनरने खांबांच्या भव्य दालनाचे अवशेष उघडे केले. तिथे १९५१ ते १९५५ या काळात पुन्हा उत्खनन केले ते कोल्हापूर भागातून आलेल्या अनंत सदाशिव अळतेकरांनी, विजयकांत मिश्र यांच्यासह. त्यांना गुप्तकाळातल्या ‘आरोग्यविहारा’च्या, म्हणजे भिक्षुसंघाच्या रुग्णालयाच्या खुणाही सापडल्या.

तुर्की स्वाऱ्यांनी पाटलिपुत्र उद्ध्वस्त केले, हा समज तर सरळ तारखांवरच कोसळतो. बख्तियार खिलजी बिहारात आला तो बाराव्या शतकाच्या अखेरीस. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकात आला, तेव्हाच जुने नगर ओस पडले होते. शेकडो विहारांपैकी दोन-तीन उभे होते, आणि जुन्या राजवाड्याच्या उत्तरेला, गंगेलगत, हजारेक घरांची छोटी वस्ती उरली होती. नाव तरीही टिकले होते : पाल राजा धर्मपालाचा खालिमपूर ताम्रपट पाटलिपुत्राच्या तळावरूनच दिलेला आहे.

पाटणा शेरशाहने वसवले, हेही तसेच अर्धवट. १५४१ मध्ये त्याने गंगाकाठी किल्ला बांधवला आणि बिहार शरीफचे महत्त्व इकडे आले. पण पाटणा हे गाव आणि हे नाव त्याआधीचे. पाटणा म्हणजे पाटलिपुत्राचा अपभ्रंश, असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासक मात्र ते सामान्यतः ‘पत्तन’ या शब्दाशी जोडतात, ज्यातून सातारा जिल्ह्यातले पाटणही आले.

औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान याने १७०४ मध्ये शहराला अझीमाबाद हे आपले नाव दिले. त्याने जुने नाव हटले नाही. गुरू गोविंदसिंगांचा १६६६चा जन्म शीख परंपरेत पाटण्यातलाच राहिला, ईस्ट इंडिया कंपनीची वखारही पाटण्याचीच. अझीमाबाद जगले ते उर्दू साहित्यात : शाद अझीमाबादी (१८४६-१९२७) आणि ‘सरफरोशी की तमन्ना’ ही गझल लिहिणारे बिस्मिल अझीमाबादी यांच्या नावांत. ही गझल रामप्रसाद बिस्मिल यांची समजली जाते, ती या दोघांच्या समान उपनामामुळे. १९१२ मध्ये बिहार-ओरिसा प्रांत झाला तेव्हा राजधानीच्या कागदांवर पाटणा हेच नाव आले. पाटलिपुत्रही कायमचे गेले नाही. २००९ पासून शहराच्या परिसरात लोकसभेचे दोन मतदारसंघ आहेत : एक पाटणा साहिब, दुसरा पाटलिपुत्र.