द्राक्षशेती, मोडनिंब परिसरातील

महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील भीमा व सीना या नद्यांदरम्यानच्या पट्ट्यातील फळशेती. मोडनिंब हे माढा तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसले असून कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. खाण्याची द्राक्षे व बेदाणा ही या भागातील द्राक्षशेतीची मुख्य उत्पादने होत.

हवामान : हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पर्जन्य सु. ५०–६० सेंमी. असून सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना होय. मे महिन्यात कमाल तापमान ४०° से.च्या आसपास असते. हिवाळा कोरडा व सौम्य असतो. समशीतोष्ण प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. येथे तेवढी थंडी नसल्याने ती वाढतच राहते व तिचे वार्षिक चक्र छाटणीने ठरवावे लागते.

छाटणी : एप्रिलमधील खरड छाटणीत जुन्या काड्या एकदोन डोळे राखून कापतात. नव्या काड्यांवरील डोळ्यांत सु. ४० ते ६० दिवसांत सूक्ष्म घडनिर्मिती होते; तीस भरपूर सूर्यप्रकाश व पुरेसे पाणी लागते. पुढील हंगामातील घडांची संख्या अशा रीतीने उन्हाळ्यातच ठरते आणि नेमक्या त्याच काळात विहिरींचे पाणी सर्वांत कमी असते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात व त्यानंतर चार ते साडेचार महिन्यांत फळ तयार होते. ही छाटणी लवकर केल्यास परतीच्या पावसात केवडा रोग व घडकुज यांचे भय असते. फार उशिरा केल्यास मणी कडक उन्हात सापडतात.

जमीन व पाणी : बेसाल्ट खडकापासून बनलेल्या येथील जमिनी माळावर उथळ व मुरमाड, तर नदीकाठी खोल व काळ्या आहेत. मुरमाड जमिनीत निचरा चांगला होतो, परंतु ओल टिकत नाही. काळ्या जमिनीत ओल टिकते, परंतु निचरा मंद असल्याने अतिसिंचनाने क्षार साचतात. चुनखडीच्या जमिनीत वेलीला लोह मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. क्षार व अवर्षण सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर कलम करण्याची पद्धत १९९० नंतर रूढ झाली. भीमेवरील उजनी धरण (१९८०), सीना–माढा उपसा सिंचन योजना, शेततळी व ठिबक सिंचन यांमुळे बागायतीस आधार मिळाला.

प्रकार व उपयोग : थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेले माणिक चमन व सोनाका हे पांढऱ्या द्राक्षांचे, तर शरद सीडलेस हा काळ्या द्राक्षांचा प्रमुख प्रकार होय. सोनाका व शरद सीडलेस हे प्रकार सोलापूरजवळील नान्नज येथील द्राक्षबागाईतदार नानासाहेब काळे यांनी निवडले. बेदाण्यासाठी पक्व द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर सुकवितात. हवा कोरडी असल्यास हे काम सु. दोन आठवड्यांत पुरे होते. मद्याची द्राक्षे लहान मण्यांची, जाड सालीची व बियांची असतात. त्यांची लागवड शेजारच्या माळशिरस तालुक्यात, अकलूज परिसरात, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. तेथे सांजोव्हेजे, काबर्ने सोव्हिन्याँ, शार्दोने इ. प्रकार लावतात. उष्ण हवेत साखर लवकर वाढून आम्लता घटत असल्याने त्यांच्या तोडणीची वेळ काटेकोरपणे साधावी लागते. फेब्रुवारी–मार्चमधील अवकाळी पाऊस व गारपीट यांमुळे वेलीवरील फळ आणि सुकत घातलेला बेदाणा या दोहोंची हानी होते.